आगंगिल्ला री, पण ऐकून घ्या

मी लोकांची घरं साफ करून द्यायची कामं घेते. गेल्या मंगळवारी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. बाईंनी आधी घर कुठं ते सांगितलं, मग खोल्या किती ते सांगितलं आणि गप्प झाल्या. मी म्हटलं, बोला की. तेव्हा हळूच म्हणाल्या, “काम जरा घाण आहे ओ. तसलं करता काय तुम्ही?”

मी त्यांना काय सांगितलं ते पुढं येईल. फोन ठेवल्यावर माझी मुलगी, पीयूसीला म्हणजे अकरावी-बारावीला आहे, म्हणाली, “आई, तुझ्यावर कुणी साहेब नाही ना? मग असल्या कामाला सरळ नाही म्हण की.” स्वयंपाकघरातून जाऊबाईंनी लगेच उत्तर दिलं, “आलेलं काम परत पाठवू नये बाई. पोटाला निवड नसते.” या दोघींचं हे भांडण सहा वर्षं माझ्या डोक्यावरून चाललंय. मी दरवेळी हसून विषय टाळते. यावेळी लिहूनच काढते.

आमचं घर बेळगावच्या वडगावात, विणकरांचं. सासऱ्यांच्या वेळी मागच्या खोलीत दोन यंत्रमाग चालायचे. त्यांचा खटखटाट थांबला की आमची लहान मुलं झोपेतून जागी व्हायची, इतकी त्याची सवय होती. मग सूत महाग झालं, साडीला भाव राहिला नाही. एक माग विकला. दुसरा तसाच उभा होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाऊस असा लागला की बळ्ळारी नाल्याचं पाणी रात्रीतून घरात आलं, मागाच्या मोटारीच्या वर. ज्या नाल्याच्या काठच्या शिवारात बेळगाव बासमती पिकतो म्हणून आम्ही पाहुण्यांना कौतुकानं सांगायचो, तोच नाला आमच्या देव्हाऱ्यापर्यंत आला. आणि नाल्याचं पाणी म्हणजे शहरभरच्या गटारांचं पाणी.

पाणी ओसरल्यावर चिखल ओला असतानाच काढायचा असतो, हे त्यावेळी आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्ही दोन दिवस रडण्यात घालवले आणि तोवर तो फरशीच्या सांध्यांत सिमेंटसारखा धरून बसला. मी आणि माझ्या भाच्यानं पाच दिवस खुरप्यानं खरवडून घर काढलं. शेजारच्या आजी दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांचा मुलगा गोव्यात कामाला. म्हणाल्या, “माझंबी करतीस काय गं? फुकट नको.” त्यांनी तीनशे रुपये दिले. माझं काम त्या दिवशी सुरू झालं. म्हणजे घाणीपासूनच सुरू झालं. पुढं कोरोनात लोकांना घरं धुऊन हवी होती, नंतर नवरात्राच्या आधी, दिवाळीच्या आधी बोलावणी यायला लागली. आज माझ्याकडं प्रेशरची मशीन आहे, ओलं-सुकं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम आहे, गमबूटांचे दोन जोड आहेत, आणि भाचा आता मोठा होऊन माझ्याबरोबर काम करतो.

म्हणून मुलगी म्हणते तसं “घाण आहे, नको” म्हणणं मला जमत नाही. चकचकीत फ्लॅटची काच पुसायला माणसं पुष्कळ मिळतात. मला बोलावतात ते दुसऱ्या कुणी हात लावला नाही म्हणूनच.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातलं एक काम सांगते. टिळकवाडीकडचं जुनं कौलारू घर. एक आजोबा एकटेच राहायचे. ते गेले ते चौथ्या दिवशी कळलं. पोलीस आले, पंचनामा झाला, अंत्यसंस्कार झाले. पुण्याहून त्यांच्या पुतण्याचा फोन आला. त्या मुलानं काहीही लपवलं नाही. कुठल्या खोलीत, किती दिवस, गादी कशी झालीय, फरशीवर काय आहे, सगळं एका दमात सांगितलं आणि म्हणाला, “काकू, तुम्ही नाही म्हटलं तरी मी समजून घेईन.” मी एवढंच विचारलं की पोलिसांनी किल्ली परत दिलीय ना. दिली होती. मी हो म्हटलं.

सकाळी सातला गेलो, ऊन चढायच्या आत. मी आधी एकटी आत गेले, भाच्याला अंगणात ठेवलं. मला किळस आली नाही असं नाही. दोनदा बाहेर येऊन तुळशीकट्ट्याच्या मागं उलटी केली. गादी प्लास्टिकच्या दोन थरांत गुंडाळून बांधली. ती कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकून चालत नाही, कुत्री ओढतात. वॉर्डातल्या आरोग्य निरीक्षकांना आधीच विचारून ठेवलं होतं, त्यांनी गाडी पाठवली.

खरं काम फरशीचं. खाली शहाबादी होती. पुष्कळांना वाटतं डाग जुना असला की ॲसिड ओतावं. शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. ॲसिड पडलं की फेस येतो, आणि तो फेस घाणीचा नसतो, दगड विरघळत असतो. शिवाय हा दगड पाणी पितो, त्यामुळं जे सांडलंय ते वरवर राहिलेलं नसतं. आधी गरम पाणी आणि साबण, काथ्यानं घासून, पुसून, परत साबण. घाण वर असताना नुसतं ब्लीच ओतलं तर त्याचं बळ त्या घाणीतच संपतं. म्हणून सगळं निघाल्यावर मग ब्लीचचं पाणी, दहा-पंधरा मिनिटं तसंच राहू द्यायचं, मग धुवायचं. असं तीनदा केलं. तरी सांध्यांतून वास येत होता. भाच्यानं छिन्नीनं सांधे उकरले, दुसऱ्या दिवशी गवंडी आणून नवीन भरून घेतले.

दुपारी मी स्वयंपाकघर घेतलं. ओट्यावर एका पातेल्यात मटकी भिजत घातलेली होती. तिला वीतभर मोड येऊन ते वाळून काळे पडले होते. एका माणसापुरतीच, मूठभर. मी ते पातेलं घासलं आणि ओट्यावर पालथं घातलं. सबंध दिवसात मला रडू आलं ते तिथं.

आपल्याकडं तेराव्याला घर शुद्ध करून घेतात, गोमूत्र शिंपडतात. ते करायच्या आधी कुणीतरी खाली बसून ती फरशी घासलेली असावी लागते. तेराव्याला त्या आजोबांच्या बहीण येणार होत्या, वय ऐंशीच्या पुढं. त्यांनी त्या खोलीत पाय ठेवला तेव्हा तिथं फक्त फिनेलचा वास होता. अशा कामाला नाही म्हणणं मला कधीच बरोबर वाटलेलं नाही. पैसे मी नेहमीच्या तिप्पट घेतले, तेही लपवत नाही. किळस सहन करण्याचे पैसे मागण्यात काहीच गैर नाही. उलट जे म्हणतात की “एवढं काय, तुम्हाला सवय असेल,” त्यांना मी सांगते की सवय झालेली नाही, होऊही नये.

आता ज्या कामानं मला नाही म्हणायला शिकवलं, ते सांगते. ते काम दिसायला अगदी साधं होतं. भाड्यानं दिलेली एक खोली, मुलं सोडून गेलेली, मालकांना संडास-बाथरूम पांढरं करून हवं होतं. भांड्यात पिवळा थर होता. मी आमच्या गल्लीत सायकलवर येणाऱ्या माणसाकडून घेतलेलं ॲसिड काढलं आणि ओतलं. मालकांनी तासाभरापूर्वी स्वतःच त्यात ब्लीचिंग पावडर पसरून ठेवली होती, “तेवढंच तुमचं काम हलकं व्हावं म्हणून.” मला सांगितलं नव्हतं. ॲसिड आणि ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. हिरवट पिवळी वाफ मी डोळ्यांनी बघितली, पण तोवर श्वास आत गेला होता. न्हाणी चार बाय चारची, खिडकी रंगानं घट्ट चिकटलेली. मी गुडघ्यांवर रांगत बाहेर आले. त्या रात्री दवाखान्यात ऑक्सिजन लावला होता आणि मुलगी पायाशी बसून होती. तीन आठवडे जिना चढला की छाती भरून यायची. मालक वाईट माणूस नव्हते, बघायलाही आले. पण त्या दिवसापासून फोनवर माझा पहिला प्रश्न ठरलेला आहे: त्यात आधी कुणी काय ओतलंय काय?

दुसरा प्रश्न सुयांचा. घरात साखरेचा पेशंट असेल, कुणाला इंजेक्शनं चालू असतील, तर सुया कुठं टाकता? गादीच्या शिवणीत, उशीच्या अभ्र्यात, कचऱ्याच्या बादलीच्या तळाशी सुया निघतात. रबरी हातमोजा सुईला अडवत नाही. तिसरा प्रश्न उंदरांचा, कारण उंदराच्या मुतातून येणारा ताप माणूस मारतो आणि पावसाळ्यानंतर माळ्यावर किंवा गोदामात तो धोका असतोच. कबुतरांची विष्ठा असेल तर मी आधी पाणी मारून भिजवते आणि मगच खरवडते, म्हणजे धूळ छातीत जात नाही. हे सगळं आधी कळलं तर काम करता येतं. लपवलं तर येत नाही. म्हणून माझ्या मनात आता वास हा मुद्दाच राहिलेला नाही. फोनवर समोरचा माणूस खरं सांगतोय का, एवढं मी ऐकत असते. “तुम्ही या तर खरं, मग बघा” असं म्हणणाऱ्याकडं मी जात नाही. मग ते घर कितीही मोठं असो.

एका घराला मी दुसऱ्यांदा गेले नाही, त्याचं कारण वेगळं होतं. चार तास काम, दोन संडास मी स्वतः घासून स्वच्छ केले, आणि पाळीचे दिवस असल्यानं मला त्यातला एक वापरायचा होता. बाई म्हणाल्या, खाली कोपऱ्यावर सार्वजनिक आहे. मी काही बोलले नाही, काम पुरं केलं, पैसे घेतले. परत फोन आला तेव्हा म्हटलं, मला जमणार नाही. कारणही सांगितलं. त्या म्हणाल्या, “एवढ्याशा गोष्टीवरून?” हो, एवढ्याशा गोष्टीवरूनच.

इथं भाषेची एक गंमत आमच्या भागातल्या लोकांनाच कळेल. आपण मराठीत नाही म्हणत नाही. “बघते,” “बघूया की,” “सांगते मागाहून,” असं म्हणतो. ऐकणारा ते होय म्हणून धरतो आणि मग आपण अडकतो. मी कन्नड शाळेत शिकले नाही, बाजारात आणि बसमध्ये शिकले. कन्नडमध्ये मात्र मी एका दमात म्हणते, “आगंगिल्ला री.” होणार नाही जी. त्यात मान पण आहे आणि दार पण बंद आहे. काही वर्षं मी मराठी घरांनाही मनातल्या मनात आधी कन्नडमध्ये नाही म्हणायचे, मग तोंडातून मराठी काढायचे. हळूहळू जमलं.

पण नाही म्हटलं की संपलं, असं मला वाटायचं, ते गेल्या वर्षी दसऱ्याच्या आधी मोडलं.

शहराच्या कडेला, पंचायतीच्या हद्दीत, एका माणसाच्या भाड्याच्या सहा खोल्या. फोनवर म्हणाले, बाथरूमं धुवायची आहेत आणि मागची टाकी साफ करायचीय. मला वाटलं पाण्याची टाकी. गेलो तर सेप्टिक टाकी. दहा फूट खोल, झाकण आधीच काढून ठेवलेलं, कडेला बांबूची शिडी टेकवलेली. गल्ली अरुंद, गाडी आत येत नाही, तळाचा गाळ घट्ट झालाय, असं ते सांगत होते. मग भाच्याकडं बघून म्हणाले, हा उतरला तर दोन तासांचं काम आहे, सहा हजार देतो. माझा भाचा एकवीस वर्षांचा. सहा हजार ऐकून त्यानं चप्पल काढली.

मी त्याचा दंड धरला. मला त्या टाकीतल्या हवेची माहिती होती. त्यात जो हायड्रोजन सल्फाइड असतो त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो, सगळे सांगतात. पण प्रमाण वाढलं की तो नाकच बधिर करतो. वास येईनासा होतो आणि माणसाला वाटतं आत हवा बरी आहे. तोंडाला बांधलेलं फडकं त्याला अडवत नाही, माझा मास्कही अडवत नाही. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचतो, गाळ हलवला की भसकन वर येतो. दोन-चार श्वासांत माणूस कोसळतो. मग वरचा धावत उतरतो त्याला काढायला. म्हणून पेपरात अशा बातमीत एक नाव नसतं, दोन-तीन असतात, पुष्कळदा एकाच घरातली.

मी म्हटलं, “आगंगिल्ला री.” ते अजिबात रागावले नाहीत. खिशातून फोन काढत शांतपणे म्हणाले, ठीक आहे, दुसऱ्याला बोलावतो, ते लोक याहून कमीत येतात.

ते लोक.

त्या शब्दांनी माझ्या पायातलं बळ गेलं, कारण कुणाला फोन लागणार ते मला माहीत होतं. आमच्या भागात पहाटे रस्ता झाडायला येणाऱ्या एक पौरकार्मिक अक्का आहेत. पावसाळ्यात आमच्या ओसरीवर चहाला थांबतात. त्यांच्या नवऱ्याला असले फोन येतात. ते जातात, कारण घरात दोन पोरी शिकतात, आणि कारण बोलावणाऱ्याला पिढ्यान्‌पिढ्या असंच वाटत आलंय की हे काम त्यांचंच. माझ्या सासर-माहेरच्या कुणालाही आजवर “हे तुमचंच काम” म्हणून कुणी टाकीकडं बोट दाखवलेलं नाही. मी विणकराच्या घरातली. झाडू मी पैशासाठी हातात घेतला, उद्या ठेवलाही तरी कुणी विचारणार नाही. माझं “नाही” त्या माणसानं ऐकून घेतलं. अक्कांच्या नवऱ्याचं ऐकलं असतं का? आणि मी नाही म्हणून भाच्याला घेऊन घरी आले असते, तर टाकी तिथंच होती, शिडी टेकवलेलीच होती. संध्याकाळी दुसऱ्या कुणाच्या पायांसाठी.

म्हणून मी तिथून निघाले नाही. म्हटलं, “आगंगिल्ला री, पण ऐकून घ्या.”

त्यांना सांगितलं की २०१३ चा कायदा आहे. संरक्षणाची साधनं न देता माणसाला सेप्टिक टाकीत उतरवलं तर उतरवणाऱ्याला पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि माणूस मेला तर घरच्यांना तीस लाख रुपये भरपाई, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सांगितलंय. ते म्हणाले, तुम्ही काय पोलीस काय? मी म्हटलं, नाही, मी बाथरूम धुवायला आलेय, ते धुते, तोवर तुम्ही विचार करा. टाकीसाठी १४४२० या सरकारी मदत क्रमांकावर फोन करता येतो तेही सांगितलं. मग सक्शनच्या गाडीवाल्या एका ओळखीच्या माणसाला मीच फोन लावला. त्यानं विचारलं, रस्त्यापासून टाकी किती लांब? भाच्यानं पावलं मोजली. पाइपाला पाइप जोडून पोचत होतं. गाळासाठी आधी वरून पाणी सोडून, लांब बांबूनं ढवळून, मग ओढायचं. सगळं वर उभं राहून. ती शिडी भाच्यानं उचलून भिंतीला लावली. मालकांना मी हात जोडून सांगितलं की तिथं बिडी-काडी पेटवू देऊ नका, त्या वायूत पेट घेणाराही वायू असतो.

गाडी साडेतीनला आली, सहाला गेली. साडेतीन हजारांत काम झालं. मालकांचे अडीच हजार वाचले, कुणीही आत उतरलं नाही. मला बाथरूमचे तेवढे मिळाले. जाऊबाई रात्री म्हणाल्या की दिवस फुकट घालवलास. मी त्यांना काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अक्का आल्या, चहा घेतला, पोरीच्या परीक्षेचं बोलल्या. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. मीही सांगितलं नाही. त्यांच्या नवऱ्यावर उपकार केल्यासारखं ते वाटलं असतं, आणि तो उपकार नव्हता.

माझी आई निपाणीची. तंबाखूच्या वखारीत काम करायची. लहानपणी तिच्या पदराला नाक लावलं की शिंका यायच्या. तंबाखूची धूळ नाकात, डोळ्यांत, जेवणाच्या डब्यात. एखादी बाई म्हणाली की मला आज खोकला आहे, चाळायला बसणार नाही, तर उद्यापासून येऊ नको, एवढंच उत्तर. आई सांगते, एकटीच्या नाहीला कुणी विचारत नव्हतं. १९८० च्या सुमारास वखारीतल्या बायका संघटित झाल्या, तेव्हा कुठं मालक लोक खुर्चीवर बसवून बोलू लागले. त्याच निपाणीत १९२५ साली बाबासाहेब आंबेडकरांनी परिषद घेतली होती, हे आईला तिच्या वखारीतल्या मैत्रिणींकडून कळलं, शाळेत नाही. दोन वर्षांनी महाडला जो ठराव झाला, की मेलेली जनावरं ज्याची त्यानं पुरावीत, तोही घाण कामाला नाही म्हणण्याचाच ठराव होता, आणि तो एकट्या-दुकट्याचा नव्हता. मुलीला मी हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प होती. तिच्या डोक्यात “नाही” म्हणजे आपल्याला नको ते न करणं, एवढंच होतं.

आता आम्ही पाच जणी आहोत. शहापूर, अनगोळ, वडगाव, सगळ्या स्वतःचं काम स्वतः बघणाऱ्या. एकीनं नाही म्हटलं की दुसरीला फोन जायचा आणि ती शंभर-दोनशे कमी करून घ्यायची, असं आधी चालायचं. मीही ते केलंय, त्याची मला लाज आहे. यंदा संक्रांतीला तिळगूळ देता-देता बसून ठरवलं. टाकीत, गटाराच्या चेंबरमध्ये कुणीच माणूस उतरवणार नाही, स्वतः नाही आणि दुसऱ्याचा नंबरही द्यायचा नाही, द्यायचा तर गाडीवाल्याचा. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या बाहेरच्या काचा दोरीशिवाय कुणी करणार नाही. एकीनं संडास वापरू न दिलेलं घर कळवलं तर त्या घरी बाकीच्या चौघींनीही जायचं नाही. आणि ॲसिड, ब्लीच, सुया, हे प्रश्न सगळ्या विचारणार, म्हणजे गिऱ्हाइकाला ते एकीचं खूळ वाटणार नाही. दर मात्र ज्याचा त्याचा. त्यावर भांडण झालं, अजून मिटलेलं नाही. ज्यांच्या घरात एकटीच कमावती आहे तिला महिना रिकामा गेला की हा ठराव कसा जड जातो ते मी बघतेय. मार्चमध्ये आमच्यातलीच एक चौथ्या मजल्यावर गेली. आम्ही तिला बोललो नाही, चौघींनी मिळून तिला एप्रिलच्या दोन बुकिंग दिल्या.

जाऊबाईंचं “पोटाला निवड नसते” हे मी उडवून लावत नाही. त्यांचं पोट उपाशी राहिलेलं मी बघितलंय, माग बंद पडले त्या वर्षी. पण म्हणूनच, ज्या दिवशी माझ्या पोटाला थोडी निवड मिळाली त्या दिवशी ती कशासाठी वापरायची, हे मला ठरवावं लागतं. वास, किडे, उलटी, मेलेलं मांजर, आठ महिने न उघडलेला फ्रीज, यांच्यासाठी मी ती वापरणार नाही. ते माझंच काम आहे आणि मी ते चांगलं करते.

मंगळवारच्या बाईंना मी म्हटलं, करते, पण आधी काय आहे ते सांगा. त्या सुरुवातीला अडखळल्या. आई आठ महिने अंथरुणाला खिळलेली. सुनेला नोकरी, यांना नोकरी, बाई ठेवली तर ती टिकेना. पाठीला जखमा झाल्या म्हणून आता दवाखान्यात ठेवलंय, शनिवारी घरी आणायचंय. खोलीत लघवीचा, जखमांचा वास भिंतीत मुरलाय, कॉटखाली काय काय आहे ते बघायचं धाडस होत नाही. बोलता-बोलता रडायला लागल्या. म्हणाल्या, “लोक काय म्हणतील, आईला असं ठेवलं म्हणून.” मी म्हटलं, वहिनी, आठ महिने सांभाळलंय तुम्ही. सुया आहेत काय? म्हणाल्या, इन्सुलिनच्या आहेत, दोन-तीन कुठं पडल्यात ते सापडलं नाही. काही ओतलंय काय? फिनेल, रोज.

शुक्रवारी गेलो. कॉट उचलली तेव्हा तिच्या पायाशी दोन सुया आणि गादीच्या घडीत एक, अशा तीन मिळाल्या. झाकणाच्या डब्यात घालून दवाखान्यात द्यायला सांगितल्या. भिंत कमरेपर्यंत पोपडे काढून धुतली, वरून चुना मारायला सांगितला. खिडकीला कपाट टेकवलेलं होतं, ते भाच्यानं आणि त्या वहिनींच्या मुलानं मिळून सरकवलं. खिडकीच्या बाहेर पेरूचं झाड होतं. ते तिथं आहे हे घरातले विसरले होते.

शनिवारी संध्याकाळी वहिनींचा फोन आला. आजी आल्या, आत आणून झोपवलं, तर त्यांनी पहिलं विचारलं की खिडकी कुणी उघडली. आणि आता ती बंद करू देत नाहीत.